पहिली राणी आणि आईचा गुडघा

आमच्या चर्चमध्ये थंडीत हंगामाचा सण होतो. ज्याच्या घरी जे पिकतं, जे बनतं, ते लोक आणून वेदीपुढे ठेवतात. काटोलकडच्या नातेवाइकांनी पाठवलेली संत्री, कोहळं, पाय बांधलेला कोंबडा, केक, तांदळाची पिशवी. उपासना संपली की बाहेर मांडवात या सगळ्याचा लिलाव होतो, आणि लिलाव माझे बाबा करतात. करतात कसले, गाजवतात. सगळी नोकरी मान खाली घालून फायली पुढे सरकवण्यात गेली, पण हातात माइक आला की हा माणूस कोणी वेगळाच होतो. एका कोहळ्यावर तो अख्ख्या मंडळीला हसवून हसवून रडवू शकतो.

शेवटचा नग ठरलेला. माझ्या आईनं घातलेलं लाल मिरचीचं लोणचं, मिरची भिवापूरची. पण बरणी अशी नुसती विकली जायची नाही. बाबा माइकवरून पुकारायचे, ‘आता येऊन राहिली खरी मिरची’, आणि आई मागच्या स्वयंपाकाच्या मांडवातून बरणी घेऊन यायची, स्टेजवर चढायची आणि सगळ्यांसमोर एकदा गोल फिरायची. मग बाबा म्हणायचे, ‘भाऊ, भिवापूरची तिखट का ही तिखट? नीट पाहून घ्या, मंग बोली लावा.’ दरवर्षी तेच वाक्य. लोकांना पाठ झालेलं. पोरंटोरं सुद्धा बाबांच्या बरोबरीनं ओरडायची. लहानपणी मीही ओरडले आहे. मला वाटायचं आपली आई केवढी प्रसिद्ध.

गेल्या वर्षी बाबांनी त्यांच्या कचेरीतल्या जुन्या मित्रांनाही बोलावलं होतं. पंधरा दिवस फोनवर एकच, शेवटचा नग पाहायलेच या. सणाच्या सकाळी त्यांनी कपाटातून आईचा लग्नातला शालू काढून पलंगावर ठेवला. हा अजूनही तिला कसा शोभतो ते मित्रांना दाखवायचं होतं. आईनं शालूची घडी परत कपाटात ठेवली आणि सुती साडी नेसून डेगचीभर भात शिजवायला चर्चमध्ये निघून गेली. बाबांच्या ते लक्षातही आलं नाही, ते बोलीच्या तयारीत होते.

माझं काम विकल्या गेलेल्या वस्तू पिशवीत घालून देण्याचं. मला एका जागी उभं राहवत नाही, पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते, म्हणून मलाच असली कामं मिळतात. शेवटचा नग आला. बाबांनी पुकारलं. आई आली नाही. पुन्हा पुकारलं, मग मला खुणावलं, जा, घेऊन ये. मी पळत मागे गेले. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, शेजारी बरणी, आजूबाजूला बायका काकड्या चिरत होत्या.

“नाही येत म्हणाव,” आई म्हणाली.

मला वाटलं थट्टा करते. चल ना वं आई, म्हणून मी तिचा हात ओढला. तिनं हात सोडवून घेतला आणि बरणी माझ्याकडे दिली, ही घेऊन जा, मी नाही येत. तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ टाकून झालं आहे असं सांगावं तितकं साधं तिनं ते सांगितलं.

मी बरणी घेऊन परत गेले. बाबांनी नेहमीच्या फॉर्मात माइक माझ्या तोंडाशी धरला आणि विचारलं, काय म्हणते आमची मिरची? मला दुसरं काही सुचलंच नाही. मी म्हटलं, नाही येत म्हणते. दोन्ही भोंग्यांतून ते रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत गेलं. लोक असे हसले की विचारू नका. सगळ्यांना वाटलं, यंदा दोघांनी नवीन काहीतरी बसवलं आहे. बाबाही हसले, भाव खाऊन राहिली म्हणाले, आणि मला परत पाठवलं. या खेपेला आई उभी राहून भाताची वाफ जिरवत होती. एकदा सांगितलं ना बाई, एवढंच बोलली. मी परत आले तेव्हा माइक माझ्यापर्यंत येऊच दिला नाही, लांबूनच मान हलवली. पण मान काय, सगळ्यांना दिसली. एकजण हसायला लागला आणि मध्येच थांबला. बाबांचे मित्र पुढच्या रांगेत पायावर पाय टाकून बसले होते, ते आपापल्या चपलांकडे बघायला लागले. बाबांनी बरणी पहिल्याच बोलीला देऊन टाकली. त्यांचे कान लाल झाले होते. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी आईला जाऊन मिठी मारावीशी वाटली, आणि दोन्ही जमेना म्हणून मी उगाच पिशव्यांच्या घड्या करत बसले.

शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, अशी एक राणी आहे. ती गोष्ट आम्हाला संडेस्कूलमध्ये शिकवली होती. एका मोठ्या राजानं मेजवानी दिली, दिवसेंदिवस चालली, दारू वाहत होती. शेवटी राजाला लहर आली की आपली राणी किती सुंदर आहे ते पाहुण्यांना दाखवावं. मुकुट घालून तिनं समोर यावं म्हणून त्यानं सेवक पाठवले. ती आली नाही. राजा भडकला, त्यानं शहाण्यांना विचारलं, आणि तिचं राणीपद काढून घेतलं. मग दुसरी राणी आली, गुणी, धीराची, आणि पुढची सगळी गोष्ट तिचीच आहे. नाटक बसवलं की सगळ्या मुलींना दुसरी राणी व्हायचं असायचं. पहिली कोणाला नको. तिला एकही वाक्य नाही, चादरीच्या पडद्यामागे नुसतं उभं राहायचं आणि बाहेर यायचं नाही. मी उंच म्हणून एकदा मला केलं होतं. मी दोनदा डोकावले आणि बोलणी खाल्ली.

ती का आली नाही ते शास्त्र सांगतच नाही. उपदेश करणाऱ्यांना ते सहन होत नाही. कोणी म्हणतं लाजाळू होती, कोणी म्हणतं गर्विष्ठ होती, एकानं तर तिला त्या दिवशी बरं नसेल असंही सांगून टाकलं. आणि ते शहाणे राजाला काय म्हणाले माहीत आहे? हिला मोकळं सोडलं तर राज्यातल्या सगळ्या बायका आपापल्या नवऱ्यांना जुमानणार नाहीत. लहानपणी मला ते फार मूर्खपणाचं वाटायचं. एका बाईनं नाही म्हटलं म्हणून कोणी अख्ख्या राज्याची काळजी करतं का?

मग सणानंतरच्या मंगळवारी माझे दोन्ही काका आले.

मी मिहानमध्ये एका कंपनीत नोकरी करते. त्या आठवड्यात ऑफिस सुटलं की माझी स्कूटी स्वतःच्या घराकडे न जाता बाबांच्या घराकडेच वळायची. माझा नवरा म्हणाला, तिथं जाऊन तू करतेस काय? काही नाही करत, पण इथं बसवत नाही, मी म्हटलं. तर मंगळवारी मी पोचले तेव्हा बाबा, दोन काका आणि आमच्या चर्चचे पाळकसाहेब बैठकीत बसले होते आणि आई आत चहा करत होती. म्हणजे जिच्यावर खटला, तिच्याच हातचा चहा. धाकट्या काकांचं दुःख असं होतं की काल त्यांनी काकूला शर्टाला इस्त्री मारून दे म्हटलं, तर काकू म्हणाली, नाही येत म्हणाव, आणि एकटीच हसत बसली. हे वाक्य चर्चच्या महिला मंडळात, जिथली आई अध्यक्षा, घरोघरी चालू झालं होतं म्हणे. मोठे काका गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, आज हिनं केलं, उद्या सगळ्या करतीन.

मला हसू फुटलं. अगदी तेच वाक्य, हजारो वर्षांपूर्वीचं, आमच्या सोफ्यावर बसून. मग लगेच इतका राग आला की मी चहाचा ट्रे आईच्या हातातून घेतला आणि टेबलावर आपटला. अरे, तिनं केलं काय? एका फेरीला नाही म्हटलं. साप साप म्हणून भुई धोपटायची तुम्हाला हौस. मोठे काका म्हणाले, तू शांत बस वं, तुले काय समजते. मी चाळिशी ओलांडली आहे, पण काकांसमोर मला अजून काही समजत नाही.

पाळकसाहेब तरुण आहेत, मनानं चांगले आहेत. त्यांनी तोड काढली. मांडवात स्टेजला पायऱ्या आहेत, बाईंचा गुडघा दुखत असेल. रविवारी उपासनेत त्यांनी तेवढं दोन शब्दांत सांगावं, गैरसमजाबद्दल दिलगिरी म्हणावी, विषय मिटला. नाही तर कमिटीतले लोक म्हणत आहेत की महिला मंडळाला दुसरी अध्यक्षा पाहावी लागेल. चारचौघांत नवऱ्याला खाली पाहायला लावणारी अध्यक्षा कशी चालेल?

मंडळ म्हणजे आईचा गुरुवार. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता. मी शाळेत होते तेव्हापासून. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची सून आठवडाभर जेवली नाही, कोणाला डबा पोचवायचा, सगळं तिथं ठरतं. घरात आईला कोणी काही विचारत नाही, मीठ किती टाकायचं एवढं सोडून. तिथं तिला विचारतात. गुरुवारी सकाळपासून तिची चालच वेगळी असते. तो गुरुवार आता एका गुडघ्यावर टांगला होता.

आणि तो गुडघा, माय वो, त्या आठवड्यात त्याचे काय लाड झाले. शेजारच्या बाईंनी तेल पाठवलं. मोठ्या काकूनं फोनवर गरम पाण्याची पिशवी सांगितली. भाजीवाल्यानं विचारलं, बाई, गुडघा कसा आहे. सगळ्यांनी मिळून आईसाठी एक पळवाट बांधली होती, तिनं फक्त लंगडत त्यातून निघून जायचं होतं. कोणाचा हेतू वाईट नव्हता हेच तर वाईट.

घरात दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली होती. बाबा गच्चीवरच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे, आई स्वयंपाकघरात. मी वर गेले की बाबा म्हणायचे, रविवारचं काय ते तिले विचार. खाली आले की आई म्हणायची, त्यायले सांग, वांग्याची भाजी झाली आहे. त्या राजाकडे निरोपाला सात जण होते. इथं मी एकटी, आणि जिन्याला कठडा नाही. बाबा मला एकदा म्हणाले, मी तिचं कौतुकच करत होतो ना वं सगळ्यांसमोर? खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

शुक्रवारी माझा धीर सुटला. मी आईला म्हटलं, मला तरी सांग, काहून नाही आलीस?

“मन नव्हतं.”

मी म्हटलं, बस? एवढंच? चाळीस वर्षं आलीस आणि एक दिवस मन नव्हतं? लोकांना काहीतरी कारण लागतं ना आई.

तिनं गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळली. “ताप पाहिजे होता काय मले? आजारी बाई नाही म्हणू शकते. मेलेली बाई नाही म्हणू शकते. मी धडधाकट आहो म्हणून मले नाही म्हणताच येत नाही काय?”

तरी मी बोललेच, कारण मी अशीच आहे. म्हण ना वं आई, गुडघा होता म्हण. एक वाक्य. तुझा गुरुवार तरी वाचेल. तिनं गॅस परत मोठा केला. मग म्हणाली, पाहू. ते ‘पाहू’ घेऊन मी दोन दिवस काढले. शनिवारी मी माझ्या घरातले पंखे पुसले, डबे पुसले, पुसलेले डबे परत पुसले. नवरा म्हणाला, बस ना जरा. मी त्याच्यावर खेकसले.

रविवारी पाळकसाहेबांनी सूचना वाचून झाल्यावर सांगितलं की अध्यक्षाबाईंना दोन शब्द बोलायचे आहेत. आई उठली. पुरुषांच्या बाजूला बाबा गीतांच्या पुस्तकात डोकं घालून बसले होते, अजून गीत सांगितलंही नव्हतं. आई घरी आमच्यासारखीच बोलते, पण चर्चमध्ये उभी राहिली की पुस्तकातलं बोलते.

“माझा गुडघा चांगला आहे,” ती म्हणाली. “बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सांगते. त्या दिवशी मला यायचं नव्हतं. यांचा अपमान करायचा नव्हता, तसं झालं असेल तर मला त्याचं वाईट वाटतं. पण यायचं नव्हतं.”

आणि खाली बसली. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीताचा नंबर सांगितला तो चुकीचा, आणि अर्धी मंडळी एक गीत गात होती आणि अर्धी दुसरं. मी कुठलंच गात नव्हते. अभिमान म्हणावा तर तो होता, आणि तिनं हे काय केलं म्हणून तिला गदागदा हलवावं असंही वाटत होतं.

कमिटीनं बुधवारपर्यंत दुसरी अध्यक्षा निवडली. नवीन लग्न होऊन आलेली मुलगी, गोड गाते, सगळ्यांना आवडते. ती बिचारी आईकडे रडत आली, काकू, मी नाही म्हटलं होतं पण ऐकलं नाही कोणी. आईनं तिला बसवलं, सरबत दिलं आणि मंडळाच्या कपाटाची किल्ली कशी तिरकी फिरवायची ते समजावून सांगितलं.

त्या राणीला शिक्षा काय झाली ठाऊक आहे? तिनं राजासमोर पुन्हा कधी यायचं नाही. तिनंच समोर यायला नकार दिला होता, तर शिक्षा म्हणून तेच. जेवायला नको म्हणणाऱ्याला उपाशी ठेवण्यातली गत. संडेस्कूलमध्ये मला याची गंमत वाटायची. पण आईची तेवढ्यावर सुटका झाली नाही. जे तिला नको होतं ते गेलं, आणि जे हवं होतं तेही गेलं. गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून गेले. अडीच वाजता तिची इस्त्रीची साडी पलंगावर होती. तीन वाजता ती परत कपाटात होती. आई कोथिंबीर निवडत बसली होती, आणि निवडून झालेली जुडी परत निवडत होती.

माझा जळफळाट झाला. मी गच्चीवर गेले आणि बाबांना म्हटलं, झालं समाधान? ते म्हणाले, मी नाही काढलं तिले, कमिटीनं काढलं. आणि मग अगदी हळू, मी जाऊन बोललो त्यायच्याशी, पण आता ठरलं म्हणतात. त्या गोष्टीतही तसंच आहे. राग उतरल्यावर राजाला ती आठवली, पण तोपर्यंत फर्मान निघालं होतं आणि त्याचं त्याला ते मागं घेता येत नव्हतं. पुढे लगेच दुसऱ्या राणीचा शोध सुरू होतो, म्हणून या ओळीपाशी कोणी थांबत नाही. मला बाबांचा राग करायचा होता. तो त्या दिवशी पुरता जमला नाही.

मग वर्ष गेलं. रुसवा कायमचा कोणाला परवडतो? दूध, गॅस, लाइटबिल यांवरून दोघं बोलायला लागली. गुरुवारी दुपारी आई झोपते म्हणून सांगायची आणि झोपायची नाही. मंडळात तिला साधी सभासद म्हणून ये असा निरोप आला होता, त्यावर ती अजून ‘पाहू’च म्हणत होती. मी तिला चार वेळा गाडीवर घेऊन जाते म्हटलं आणि चारही वेळा भांडून परत आले.

थंडी पडली आणि भिवापूरहून ओल्या मिरच्या आल्या. आई स्वयंपाकघरात खाली बसून त्या चिरून मसाला भरत होती, कोपरापर्यंत हात लाल. मी स्टुलावर बसून, उठून, परत बसून लिंबं कापत होते. लोणचं चर्चमध्ये द्यायचं आहे का, हे विचारायची माझी हिंमत झाली नव्हती. ती पहिल्यासारखीच मोठी बरणी भरत होती एवढं दिसत होतं.

बाबा दारात येऊन उभे राहिले. मी तिथंच होते, नेहमीसारखं मला सांगू शकले असते, तिले विचार म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

“या वर्षी येशील काय, समोर?” त्यांनी आईला विचारलं.

आईनं मान वर केली नाही. “नाही.”

मी उठले. खरं सांगते, माझ्या जिभेवर गुडघा आला होता. आता का म्हणून विचारतील, मग ती मन नाही म्हणेल, मग परत गच्ची, परत जिना, परत काका. मी बोलायला तोंड उघडलंही.

“बरं,” बाबा म्हणाले.

मिरच्या यंदा चांगल्या आहेत म्हणाले, आणि बाहेर गेले. बैठकीत पेपर उलगडल्याचा आवाज आला. मी आईकडे पाहिलं तर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं. त्या रविवारी रडली नव्हती, गुरुवारी रडली नव्हती. आता रडत होती, आणि मिरचीचे हात म्हणून तिला डोळे पुसता येत नव्हते. ते तसेच हवेत धरून ती बसली होती. मी खाली बसले आणि तिच्या पदरानं तिचे डोळे पुसायला लागले.

“ऐकलं काय वं?” ती मला म्हणाली. “बरं म्हणाले.”